ई-कॅडहेरिन निगेटिव्ह : आईच्या रिपोर्टमधली एक ओळ

आईचं रेडिएशन मार्चच्या शेवटी संपलं. आता पेरणी आटोपली आहे, शाळाही सुरळीत सुरू झाली आहे, म्हणून सगळे कागद पुढ्यात घेऊन हे लिहायला बसले. आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यापासून बरंच आत. मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आई, दादा आणि वहिनी गावी असतात, शेती दादा पाहतो.

आईला झालेला स्तनाचा कॅन्सर लोब्युलर प्रकारचा (दुधाच्या ग्रंथींवरून हे नाव). स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण साधारण दहा ते पंधरा टक्के. त्यामुळे ओळखीतल्या बायकांचे अनुभव आम्हाला जुळेनात. त्यांना गाठ लागली होती, आईला नव्हती. त्यांच्या मॅमोग्राफीत स्पष्ट दिसलं, आईच्या दिसलं नाही. त्यांना केमो दिली, आईला नाही. घरात रोज तोच विषय : आपल्या बाबतीतच असं वेगळं का? त्याचं उत्तर रिपोर्टमधल्या एका ओळीत होतं, ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कॅन्सरच्या पेशींत नाही. ती ओळ उलगडली तसा पुढचा एकेक निर्णय पटत गेला. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला असेल तर उपयोग होईल म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं, सगळं लिहिते आहे.

सुरुवात आशाताईंमुळे झाली. दिवाळीनंतर त्या घरोघरी तिशीच्या पुढच्या माणसांचा तपासणी फॉर्म भरत होत्या. बीपी, शुगर, तंबाखू यांच्यासोबत बायकांना स्तनात काही बदल जाणवतो का, असाही प्रश्न त्यात असतो. आई एरवी दुखणं सांगणारी बाई नाही. पण आशाताई गावातलीच सून, तिच्याशी ती मोकळं बोलली. “गाठ नाई वो, पण इकडची बाजू निबर लागते. आंघोळीच्या वक्ती हाताले समजते.” आशाताईंनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. तो फॉर्म तुमच्याकडे भरायला कुणी आलं, तर आईला, सासूला त्यांच्याजवळ एकटं बसू द्या. पुरुषमाणसं समोर असली की या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येतं.

११ नोव्हेंबर २०२४ ला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर मॅडमनी तपासून, डावी बाजू वरच्या बाहेरच्या अंगाला जाडसर लागते, कातडी किंचित ओढल्यासारखी दिसते, असं लिहून शिक्का मारून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी फाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवली. पुढे जवळपास प्रत्येक खिडकीवर ती विचारली गेली.

आई नागपूरला यायला तयार नव्हती. “कापूस फुटून राह्यला, वेचाले बाया भेटून नाई राहिल्या, आन् तू मले नागपूरले नेतं?” शेवटी वहिनीच म्हणाली, “तुमी जा आई, वेचणीचं मी पाहून घेतो.” त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, माझी निवडणूक ड्यूटी. ती आटोपून २५ तारखेला सकाळच्या एसटीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा भार फार झाला नाही. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत नागपूरला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. तपासणीची वेळ दुपारची मागून घ्या, सकाळी नऊची वेळ गावाकडच्या माणसाला जमत नाही.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स शून्य’ असं लिहून आलं. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासणीचा निष्कर्ष आकड्यात लिहिण्याची पद्धत. दादाने फोनवर ऐकलं आणि त्याला वाटलं, शून्य म्हणजे काही नाही, सुटलो. तसं नसतं. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी केल्याशिवाय काही सांगता येत नाही. हा आकडा पाहून घरी परत गेलेल्या बायका असतील, या विचाराने मला आजही कसंतरी होतं. आमच्या रेडिओलॉजिस्टनी तिथल्या तिथे सोनोग्राफी केली. त्यात कडा नसलेला, अंधूक असा दोन सेंटिमीटरच्या आसपासचा भाग दिसला आणि त्याला चार-सी असा शेरा मिळाला. म्हणजे कॅन्सरचा दाट संशय, बायोप्सी हवी. दोन्ही तपासण्यांचे मिळून २,६०० रुपये झाले.

बायोप्सी २९ नोव्हेंबरला. भूल फक्त त्या जागेपुरती देतात. सोनोग्राफीत बघत सुई आत नेतात आणि ती सुटताना खट्ट असा मोठा आवाज होतो. दुखत नाही, पण आवाजाने माणूस दचकतो. आईला कुणी आधी सांगितलं नव्हतं, तिने माझा हात गच्च धरला. तुमच्या माणसाला तेवढं आधी सांगून ठेवा. बाहेर आलेले तुकडे दोऱ्यासारखे बारीक, ते लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले. बाटलीवर नाव, बाजू, तारीख आणि वेळ लिहिली आहे ना, हे समोर उभं राहून बघा. नमुना फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास असावा असं मानतात. त्यापेक्षा कमी-जास्त झालं तर पुढच्या रंगचाचण्यांवर परिणाम होतो. शुक्रवारी दिलेला नमुना सोमवारपर्यंत तसाच राहणार नाही ना, हे विचारायला संकोच करू नका. बायोप्सीचे ४,००० रुपये लागले.

पहिला रिपोर्ट ९ डिसेंबरला. कॅन्सर आहे, लोब्युलर वाटतो, खात्रीसाठी आयएचसी करावी, असा मजकूर. आयएचसी म्हणजे पेशीत ठरावीक प्रथिन आहे की नाही ते रंग लावून पाहण्याची चाचणी. मी शाळेतून अर्धी रजा टाकून बसस्टँडवर बसले होते, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. आईला काय सांगायचं ते मला दोन दिवस सुचलं नाही. दादाने सांगितलं. ती म्हणाली, “मले समजलंच होतं,” आणि चुलीपाशी जाऊन बसली.

त्या लॅबमध्ये ई-कॅडहेरिनची चाचणी होत नव्हती. मग ब्लॉक काढून दुसरीकडे न्यावा लागला. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो बायोप्सीचा तुकडा. तो पेशंटचा असतो, मागितला की मिळतो, पण त्यासाठी साध्या कागदावर अर्ज, पेशंटची सही किंवा अंगठा, पेशंटचं आणि नेणाऱ्याचं आधार लागतं. आमच्याकडे आईची सही नव्हती म्हणून एक खेप वाया गेली. ब्लॉक घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून पाहा आणि पोच घ्या. उन्हाळ्यात नेत असाल तर बंद गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. नागपुरात तेव्हा हिवाळी अधिवेशनाची लगबग होती, जागोजागी रस्ते अडवलेले. सदरवरून मेडिकल चौकापर्यंत पोचायलाच दुपार झाली. आयएचसीच्या सगळ्या चाचण्यांचे मिळून ६,२०० रुपये.

२० डिसेंबरला रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा पॅथॉलॉजिस्ट मॅडम जागेवर होत्या. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बघायचंय का?” आणि खुर्ची सरकवली.

पहिल्या काचेवर नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग होता. मला एक मोठा गोळा दिसेल असं वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. गुलाबी तंतूंच्या मधून छोट्या गोल पेशी एकामागे एक, एकेरी रांगेत निघालेल्या. काही ठिकाणी त्या एका दुग्धनलिकेला वळसा घालून जात होत्या, नलिकेला धक्का न लावता. मग मॅडमनी दुसरी काच लावली, ई-कॅडहेरिनची. यात जिथे हे प्रथिन असतं तिथे तपकिरी रंग चढतो, बाकी सगळं फिकट निळं. आईची एक निरोगी नलिका त्या काचेवर होती. तिच्या प्रत्येक पेशीभोवती बारीक, रेखीव तपकिरी कड होती, सगळ्या पेशी एकमेकींना लागून. तिच्या बाजूला त्या रांगेतल्या पेशी नुसत्या निळ्या, एकीलाही कड नाही. निरोगी नलिकेला रंग चढला म्हणजे चाचणी नीट झाली आहे, आणि तरीही कॅन्सरच्या पेशींना चढला नाही म्हणजे त्यांच्यात ते प्रथिन खरोखरच नाही, असं मॅडमनी समजावलं.

नववीच्या मुलांना पेशी शिकवताना मी आवरण काढते, केंद्रक काढते. दोन पेशी एकमेकींना कशाने धरून राहतात हे मी कधी फळ्यावर काढलं नव्हतं. ई-कॅडहेरिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं असतं. बाहेरच्या भागात एकापुढे एक असे पाच तुकडे, त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसलं की तो भाग ताठ राहतो. शेजारच्या पेशीचं तेच प्रथिन समोरून येतं आणि दोघांची टोकं एकमेकांत अडकतात. आतलं टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांना जोडलेलं, आणि ती पुढे ॲक्टिनच्या तंतूंना, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याला. म्हणून या एका प्रथिनावर पेशीचं चिकटणंही अवलंबून आहे, आकारही आणि जागेवर राहणंही. क्योटो विद्यापीठातले मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकात कॅल्शियम असताना आणि नसताना पेशी कशा चिकटतात हे तपासत याचा माग काढला. लोब्युलर कॅन्सरमध्ये याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं, हे बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं. हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे, नाव सीडीएच-१. बहुतेक वेळा एक प्रत गळून गेलेली असते आणि दुसरीत बिघाड असतो, मग पेशीला हे प्रथिन बनवताच येत नाही.

तिसरी काच पी-१२० ची होती. हे कॅटेनिनच, निरोगी पेशीत ते ई-कॅडहेरिनला धरून आवरणापाशी असतं, म्हणून नलिकेत तपकिरी कड दिसली. कॅन्सरच्या पेशींत मात्र कड नव्हती, सगळी पेशीच आतून तपकिरी भरलेली. धरायला काही उरलं नाही म्हणून पी-१२० आत मोकळं पसरलेलं. ते नुसतं पडून राहत नाही. पेशीचं आकुंचन आणि सरकणं ज्या ऱ्हो गटाच्या प्रथिनांवर चालतं, त्यांच्या कामात ते ढवळाढवळ करतं. शेजारणींपासून सुटलेली पेशी एरवी मरते, शरीराची तशी व्यवस्था आहे. ही मात्र सुटी होऊनही जगते. मॅडम म्हणाल्या, “लोब्युलर आहे की दुसरं, असा संशय असला की मी या दोन काचा शेजारी शेजारी ठेवते.”

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मागच्या महिन्याभराचा उलगडा झाला. पेशी गोळा करून वाढतच नाहीत, तंतूंच्या फटींतून ओळीने पसरतात, आजूबाजूची घडण फारशी मोडत नाहीत. मग हाताला गाठ कुठून लागणार? आणि मॅमोग्राफीत डाग तरी कसा उठणार?

घरी हे आईला सांगायचं होतं. रात्री अंगणात बसून तिला म्हटलं, ज्वारीच्या कणसावर दाणे एकमेकांना लागून गच्च असतात ना, तशा अंगातल्या पेशी असतात. तुझ्या या आजारात दाण्यांना धरून ठेवणारं जे असतं तेच बनत नाही. आईने थोडा वेळ विचार केला. “म्हंजे दाना सुटून राह्यला. आन् सुटला त कुठंई जाईन.” मी म्हटलं, हो, म्हणून ऑपरेशन लांबवायचं नाही. त्यानंतर तिने वेचणीचं नाव काढलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या आठवड्यात मी मोबाइलवर नाही नाही ते वाचून झोप घालवली होती. प्रथिन नाही, पेशी सुट्या, म्हणजे कॅन्सर वाऱ्याच्या वेगाने पसरणार, असं मला वाटत होतं. ते इतकं सरळ नाही. लोब्युलरच्या पेशी बऱ्याचदा सावकाश वाढतात. आईचा वाढीचा आकडा, केआय-६७, बारा टक्के होता, ग्रेड तीनपैकी दोन. उलट नेहमीच्या डक्टल, म्हणजे दुग्धनलिकांच्या प्रकारात ई-कॅडहेरिन बहुधा शाबूत असतं, तरी तो पसरतोच, पेशी घोळक्याने जातात. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं काम छापलं. त्यात डक्टल प्रकारच्या पेशींतून हे प्रथिन काढून टाकल्यावर त्या जास्त घुसखोर झाल्या, पण दूरच्या अवयवांत जाऊन रुजणं मात्र कमी झालं, कारण वाटेत जगून राहण्यासाठी त्यांना ते लागत होतं. एकच प्रथिन, पण कोणत्या कॅन्सरमध्ये आहे त्यावर त्याचं काम बदलतं. म्हणून दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवरून आपल्या माणसाचं भविष्य ठरवू नका.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. नात्यातल्या एकाने कुठेतरी वाचून सांगितलं की या प्रथिनाला कॅल्शियम लागतं, तर आईला भरपूर गोळ्या द्या, पेशी पुन्हा चिकटतील. रक्तात कॅल्शियम पुरेसं असतंच. प्रथिनच नाही तर ते बसणार कुठे? आईला आज कॅल्शियम सुरू आहे, पण ते हाडांसाठी, त्याचं कारण पुढे येईल.

सर्जननी रिपोर्ट पाहिल्यावर पहिली मागणी केली ती एमआरआयची. लोब्युलरचा खरा पसारा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत बऱ्याचदा कमी दिसतो. इंजेक्शन देऊन एमआरआय करतात, त्याआधी मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं. ते गावातूनच करून नेलं तर एक फेरी वाचते. २ जानेवारी २०२५ ला एमआरआय झाला, ८,५०० रुपये. सोनोग्राफीतले दोन सेंटिमीटर इथे साडेचार निघाले. दुसरी बाजू स्वच्छ होती. स्तन वाचवण्याचं ऑपरेशन होईल अशी आशा होती, पण आईच्या बाबतीत डॉक्टरांनी पूर्ण काढायचं सुचवलं. सुट्या पेशींची हद्द डोळ्यांना दिसत नाही, थोडं काढलं आणि कडेला पेशी राहिल्या तर पुन्हा ऑपरेशन. लोब्युलर म्हणजे पूर्णच काढावं लागतं असं मात्र नाही, पसारा लहान असेल तर वाचवताही येतं. आईने स्वतः ठरवलं : “एकदाच काय ते करून टाका.”

आता योजनेचं. इथवरच्या तपासण्या आम्ही खिशातून केल्या. ऑपरेशन आणि रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झालं. आता ही योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कार्डाचा रंग कोणताही असो, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिलं तिथे जायचं. टोल फ्री नंबर १५५३८८. आमच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. आधारवर आईच्या नावापुढे ‘बाई’ होतं, रेशनकार्डावर नव्हतं. त्यासाठी दादाला तहसीलच्या पुरवठा विभागात जावं लागलं. तिथे आधी सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत, मग म्हणाले, साइट बंद आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी काम झालं. कॅन्सरचा नुसता संशय असला तरी त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची नावं दोन्ही कागदांवर ताडून बघा.

दुसरी अडचण अंगठ्याची. आईच्या बोटांवरच्या रेघा वेचणी-निंदणीत झिजलेल्या, मशीन घेईना. टेबलावरचा मुलगा समजूतदार होता. त्याने ओल्या रुमालाने बोटं पुसून पाहिली, दुसरी बोटं लावून पाहिली, मग ओटीपीवर काम भागवलं. पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा. आमचा दादाकडे, म्हणजे गावी होता आणि तिथे रेंज येते-जाते. पेशंटसोबत जाणाऱ्याचाच नंबर आधीपासून जोडून ठेवा. बायोप्सी, आयएचसी, एमआरआय यांचे मूळ रिपोर्ट आणि डॉक्टरांचा उपचाराचा कागद अपलोड झाल्यावर मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

२१ जानेवारीला ऑपरेशन. त्याचा एक पैसा लागला नाही. काखेजवळ नळी ठेवून घरी सोडतात, तिच्या बाटलीत जमलेलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं. वहिनी रोज सकाळी मोजायची, मी फोनवर लिहून घ्यायचे. प्रमाण कमी झालं की नळी काढतात. खोकला-शिंक आली तर हाताने दाब द्या, मोकळे पुढून उघडणारे ब्लाउज शिवून घ्या आणि काखेचे व्यायाम कंटाळा न करता करा. हात वर जाणं हे शेतातल्या बाईला किती लागतं ते सांगायला नको.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचा मोठा रिपोर्ट ३ फेब्रुवारीला आला. कडा मोकळ्या, म्हणजे कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. काखेतल्या एका ग्रंथीत पेशी सापडल्या, त्याही विखुरलेल्या. साध्या रंगात त्या ग्रंथीतल्या इतर पेशींसारख्याच दिसतात, म्हणून त्यांच्यातल्या केराटिन या प्रथिनाचा वेगळा रंग लावून शोधाव्या लागल्या. त्यामुळे रिपोर्टला उशीर झाला. उशीर म्हणजे काहीतरी भयंकर आहे, असं आम्ही तो आठवडाभर धरून चाललो होतो.

आईचे हार्मोन रिसेप्टर जोरदार पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरच्या पेशी हार्मोनवर वाढणाऱ्या. हर-टू हे पेशींची वाढ करवणारं प्रथिन निगेटिव्ह. लोब्युलरमध्ये बहुतेकींचं असंच असतं. केमोबद्दल डॉक्टरांनी आपसांत चर्चा केली, आम्हाला समोर बसवून सांगितलं. या प्रकारात केमोचा फायदा तुलनेने कमी दिसतो, हार्मोनच्या गोळीचा चांगला होतो. आईचं वय एकसष्ट, ग्रेड, वाढीचा आकडा, ग्रंथी, हे सगळं धरून त्यांनी रेडिएशन आणि लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी ठरवली. हा निर्णय तिच्या रिपोर्टांवरचा आहे. दुसऱ्या कुणाला याच प्रकारात केमो लागू शकते, तेव्हा आमचं उदाहरण डॉक्टरांसमोर ठेवून हट्ट धरू नका.

मी आणखी एक प्रश्न विचारला, माझ्या मुलीसाठी. हे जनुक बिघडलेलं असेल तर ते आमच्यातही आलं का? डॉक्टरांनी आजोळी कुणाला पोटाचा कॅन्सर झाला होता का, कुणाचा ओठ फाटलेला होता का, कमी वयात स्तनाचा कॅन्सर कुणाला होता का, असं सविस्तर विचारलं. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या जठराच्या कॅन्सरने माणसं जात होती. त्यामागे हेच सीडीएच-१ जनुक असल्याचं १९९८ मध्ये सिद्ध झालं. अशा घरांतल्या बायकांना लोब्युलरचाही धोका असतो. पण बहुतेक लोब्युलर पेशंटमध्ये बिघाड फक्त कॅन्सरच्या पेशींत, आयुष्यात मागाहून झालेला असतो, तो मुलांत उतरत नाही. आमच्याकडे तसा काही इतिहास नव्हता, त्यामुळे रक्ताची जनुकीय तपासणी सुचवली नाही. मला मात्र नियमित तपासणी सांगितली आहे, ती सुरू केली.

रेडिएशन मार्चमध्ये, तीन आठवड्यांचं, शनिवार-रविवार सोडून. रोज गावाहून ये-जा शक्य नव्हती. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत दिवसाला दीडशे रुपयांत खोली मिळाली, त्यासाठी रुग्णालयाचं पत्र लागतं. माझी रजा कमी पडल्यावर मावशी येऊन राहिली. होळी तिथेच झाली. मशीनवर झोपण्याचा वेळ काही मिनिटांचा, जास्त वेळ वाट पाहण्यात जातो. शेवटी शेवटी कातडी काळवंडली, सोलली, डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावलं. हळद, कोरफड वगैरे मनाने लावू नका.

आता आई रोज लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची गोळी घेते, किमान पाच वर्षं घ्यायची आहे. ही गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन खूप कमी करते, त्याने हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून डेक्सा नावाची हाडांची तपासणी झाली आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुरू आहे. सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे आखडतात अशी तिची तक्रार असते. त्यासाठी मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. जनऔषधी केंद्रात ही गोळी बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते, पण पांढरकवड्याला कधी संपलेली असते, म्हणून महिनाभराचा साठा पुढे ठेवतो.

तपासणीला गेलो की डॉक्टर दर वेळी पोटाबद्दल विचारतात. सुरुवातीला आईला नवल वाटायचं, छातीचा आजार आणि पोट कायले विचारते? लोब्युलरच्या पेशी पसरल्या तर हाडांसोबत पोटाच्या आतलं आवरण, आतडं, बीजांडकोश अशा ठिकाणीही जाऊ शकतात, आणि तिथेही गोळा न करता पातळ थरासारख्या पसरतात. म्हणून पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होणं, वजन घटणं असं आठवडा-दोन आठवडे राहिलं तर गॅस म्हणून सोडा पिऊन गप्प बसायचं नाही. वहिनीने फ्रिजवर हा कागद लावला आहे, त्याखाली रुग्णालयाचा नंबर. बायोप्सीचा आणि ऑपरेशनचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे, त्याचे नंबरही त्याच कागदावर आहेत. पुढे कधी नवी चाचणी लागली तर तेच लागणार.

वर्षाची मॅमोग्राफी नोव्हेंबरात आहे. आईच्या उजव्या बाजूला एमआरआयही करायचा का, ते डॉक्टर आधीच्या भेटीत ठरवतील. दिवाळीच्या सुट्टीला लागून तारीख मिळावी म्हणून मी सप्टेंबरातच नंबर लावणार आहे.